विद्यार्थ्यांनी विणलेला अग्निबाण

अग्निबाण म्हटला की डोळ्यांपुढे येतात त्या ज्वाळा आणि धूर. पण त्या ज्वाळांना धरून ठेवणारे अंग कशाचे असते, ते कोण घडवते? कापड, राळ, कात्री आणि भरपूर चिकाटी एवढ्या भांडवलावर विशीतल्या मुलामुलींनी आपला अग्निबाण अंतराळापर्यंत कसा पोहोचवला, त्याची ही हकिकत.

उन्हाळा लागला की बाजारात माठ येतात. जाणती गृहिणी माठाच्या रंगावर किंवा नक्षीवर भुलत नाही. ती माठ एका हाताने उचलते, दुसऱ्या हाताने टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. बद्द आला तर कुठेतरी डोळ्यांना न दिसणारा तडा आहे, असे समजून ती तो खाली ठेवते.

नेमकी हीच परीक्षा आज जगातल्या अनेक महाविद्यालयांच्या कार्यशाळांत चालू असते. माठाच्या जागी तिथे एक काळीभोर, चकचकीत नळी असते आणि बोटाच्या जागी एक नाणे. विद्यार्थी त्या नळीवर इंचाइंचावर नाणे वाजवत जातात. आवाज सगळीकडे सारखा आला तर चेहरे खुलतात. एखाद्या ठिकाणी तो बद्द झाला की सगळे गप्प होतात. कारण ही नळी म्हणजे त्यांच्या अग्निबाणाचे शरीर असते, आणि बद्द आवाजाचा अर्थ असतो की आतल्या थरांत कुठेतरी हवेचा बुडबुडा अडकला आहे. वरून पाहिले तर काहीच दिसत नाही. पण आवाजापेक्षा जास्त वेगाने आकाशात झेपावताना तोच बुडबुडा साऱ्या वर्षाची मेहनत धुळीला मिळवू शकतो.

लोखंड नको, कापड हवे

अग्निबाणाचे अंग कशाचे असावे, हा प्रश्न तसा जुना आहे. अठराव्या शतकात हैदरअली आणि टिपू सुलतान यांच्या म्हैसूरच्या फौजेने कागदाच्या नळीऐवजी लोखंडी नळीत दारू ठासली. लोखंडी नळी जास्त दाब सहन करू शकत असल्याने ते बाण दूरवर जात. इंग्रजांनी त्यांचा इतका धसका घेतला की ते बाण विलायतेला नेऊन त्यांचा अभ्यास करण्यात आला.

लोखंड मजबूत खरे, पण जड. अग्निबाणाच्या बाबतीत वजनाचा हिशेब फार कडक असतो. अंगाचा प्रत्येक जादा ग्रॅम वर उचलायला इंधन लागते. एक घनसेंटिमीटर पोलाद सुमारे ७.८ ग्रॅम भरते, ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम, आणि कार्बनचे धागे राळेत बसवून केलेला पदार्थ जेमतेम १.६ ग्रॅम. धाग्यांच्या दिशेने ओढून पाहिले, तर वजनाच्या मानाने ताकदीत हा हलका पदार्थ पोलादालाही मागे टाकतो. यालाच संमिश्र पदार्थ किंवा कॉम्पोझिट म्हणतात.

नाव अवघड असले तरी कल्पना घरगुती आहे. मातीच्या भिंतीला तडे जाऊ नयेत म्हणून चिखलात गवताचा भुसा मिसळतात. त्यात माती आकार देते आणि गवत ताण घेते. घराच्या गच्चीवरची फायबरची टाकी याच जातीची. तिच्यात काचेचे धागे असतात. अग्निबाणासाठी पुष्कळदा कार्बनचे धागे वापरतात. त्यांतला एकेक धागा माणसाच्या केसाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढा बारीक असतो. असे हजारो धागे एकत्र करून त्यांचे कापड विणतात आणि ते ठाणासारखे गुंडाळून विकायला येते.

मात्र या कापडाची एक खोड आहे. धाग्याच्या दिशेने ते पोलादासारखे, पण आडव्या दिशेने अगदी दुबळे. म्हणून प्लायवूडमध्ये जसे लाकडाचे पापुद्रे उभे-आडवे चिकटवतात, तसे या कापडाचेही थर वेगवेगळ्या दिशांनी रचावे लागतात. कोणत्या बाजूने किती ताण येणार, याचे गणित आधी करावे लागते. उदाहरणार्थ, आतून दाब आलेल्या नळीच्या भिंतीवर घेराच्या दिशेने पडणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. बागेला पाणी घालण्याचा रबरी पाइप दाबाने फाटतो तेव्हा तो लांबच्या लांब चिरत जातो, तो यामुळेच. ज्या नळीत इंधन जळणार, तिच्यावर धागे गुंडाळताना हे ध्यानात ठेवावेच लागते.

घड्याळाशी शर्यत

हे सारे गणित कागदावर, संगणकावर होते. खरी कसोटी लागते ती कार्यशाळेत.

नळी तयार करायची तर आधी ॲल्युमिनियमचा गुळगुळीत दांडा घेतात. त्याला मँड्रेल म्हणतात. कापड त्याला चिकटून बसू नये म्हणून त्यावर मेणाचा हात फिरवतात. केक भाजण्यापूर्वी भांड्याला तूप लावतो तसा. मग राळ कालवायची वेळ येते. इपॉक्सी राळ आणि तिला घट्ट करणारे हार्डनर, दोन्ही काट्यावर अचूक मोजून एकत्र केली की घड्याळ सुरू होते. अनेक प्रकारच्या राळी वीस-तीस मिनिटांतच घट्ट होऊ लागतात. घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. घाई टळावी म्हणून कोणी मोठे भांडे भरून राळ कालवून ठेवली, तर ती भांड्यातच तापते आणि धूर सोडू लागते. हा धडा विद्यार्थी पुस्तकापेक्षा कार्यशाळेतच लवकर शिकतात.

मग सगळ्यांचे हात एकदम चालू लागतात. एकजण कापड ताणून धरतो, दुसरी ब्रशने राळ मुरवते, तिसरा रोलर फिरवून हवा बाहेर काढतो. कापडाला सुरकुती पडली तर तिथे धागा वाकतो, आणि वाकलेला धागा ताण घेत नाही. राळ कमी पडली तर कापड कोरडे राहते आणि जास्त झाली तर ताकद न वाढता नुसते वजन वाढते. पोळीच्या कणकेला पाणी किती, हे जसे सांगून येत नाही, करूनच कळते, तसेच हे काम आहे.

थर रचून झाले की वरून प्लास्टिकचे आवरण घालून कडा चिकटपट्टीने बंद करतात आणि पंपाने आतली हवा खेचून घेतात. हवा गेली की बाहेरचे वातावरणच दाब देऊ लागते. हा दाब थोडाथोडका नसतो. पूर्ण निर्वातात एक चौरस मीटरवर सुमारे दहा टन! त्या दाबाने थर एकमेकांवर बसतात आणि जादा राळ बाहेर येऊन आतल्या शोषक कापडात मुरते. पुढे पदार्थ भट्टीत ठरल्या तापमानाला ठेवायचा. गरम झालेला ॲल्युमिनियमचा दांडा थंड होताना आकसतो, कार्बनची नळी मात्र जवळपास तेवढीच राहते. त्यामुळे दोघांत बारीकशी फट पडते आणि नळी सरकवून काढता येते. ती अलगद निघाली तर टाळ्या. अडकली, तर मात्र आठवड्याचे काम करवतीने कापून काढावे लागते.

या कामात तब्येतीचीही काळजी घ्यावी लागते. कार्बनच्या नळ्या कापताना, घासताना जी बारीक धूळ उडते, ती श्वासात जाऊ देणे बरे नव्हे. राळेने कातडीला खाज सुटते आणि काहींना तिची कायमची ॲलर्जी होते. म्हणून हातमोजे, चष्मा, मुखवटा यांच्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम.

नाक आणि पंख

नळी झाली, पण अग्निबाणाला नाकही लागते. हवा कापत जाणाऱ्या या टोकाचा आकार गणिताने ठरवतात. त्यातला एक आकार थिओडोर फॉन कारमान या हंगेरियन-अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. हा शंकू पुष्कळदा कार्बनचा न करता काचेच्या धाग्यांचा करतात. कार्बन वीजवाहक असल्यामुळे रेडिओलहरी अडवतो. अग्निबाणाच्या पोटातले यंत्र मी कुठे आहे, हे रेडिओवरून सांगत असते. त्यालाच कार्बनच्या पेटीत कोंडले, तर त्याचा आवाज बाहेर कसा येणार?

शेपटीचे पंख हे आणखी एक नाजूक ठिकाण. जोराच्या वाऱ्यात पतंगाचा कागद फडफडतो, तसे अतिवेगात हे पंखही फडफडू लागतात. एकदा ही फडफड सुरू झाली की क्षणार्धात ती वाढत जाते आणि पंख मुळापासून उखडला जातो. म्हणून विद्यार्थी पंख नुसते चिकटवून थांबत नाहीत. एका पंखाच्या टोकापासून निघून, नळीच्या अंगावरून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत जाईल असे सलग कापड बसवतात. सगळे पंख असे एकमेकांशी बांधले की शेपटी एकजीव होते. त्याआधी प्रत्येक पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून, पुसून लख्ख करावा लागतो. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी तिथला जोड कच्चा राहू शकतो.

आणि इथेच या विद्येतले खरे आव्हान दडले आहे. लोखंडाचा तुकडा दुकानातून आणला की त्याची ताकद किती, ते कोष्टकात पाहता येते. कॉम्पोझिटचे तसे नाही. हा पदार्थ आणि त्याची वस्तू एकाच वेळी, त्याच हातांनी घडतात. ज्याने राळ मुरवताना कंटाळा केला, त्याचा कंटाळा त्या नळीत कायमचा बंद होऊन राहतो. वरचा थर घासून, रंगवून आरशासारखा चमकवता येतो, पण आतला दोष रंगाने भरून निघत नाही.

म्हणूनच चांगल्या संघांत प्रत्येक थराची नोंद ठेवतात: कापड कोणते, राळ किती, कोणी कालवली, किती वाजता. मुख्य नळीबरोबर त्याच राळेचे छोटे नमुने बनवतात आणि ते मुद्दाम तोडून पाहतात. दाब सहन करायच्या नळीत पाणी भरून चाचणी घेतात. हवेसारखे पाणी दाबले जात नाही, त्यामुळे नळी फुटलीच तरी मोठा स्फोट होत नाही. नाणे वाजवून ऐकायचे ते याच साखळीतले एक काम. माझ्या हातून इथे चूक झाली आहे, असे वेळीच सांगणारा विद्यार्थी अशा संघात कच्चा ठरत नाही. उलट त्याच्यामुळे अग्निबाण वाचतो.

लॉस एंजेलिसची चिकाटी

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट किंमत मोजून शिकून घेतली. पदवीच्या वर्गांतील मुलामुलींनी चालवलेल्या त्यांच्या रॉकेट प्रोपल्शन लॅबने एक ध्येय ठरवले होते: विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेला आणि स्वतः बांधलेला अग्निबाण अंतराळात पोहोचवायचा. अंतराळाची हद्द साधारणपणे १०० किलोमीटरवर मानतात. तिला कारमान रेषा म्हणतात; नाकाच्या आकाराला ज्यांचे नाव आहे, तेच हे कारमान!

२०१३ साली त्यांचा ट्रॅव्हलर हा पहिला अग्निबाण उड्डाणानंतर लगेचच नष्ट झाला. २०१४ मध्ये दुसऱ्याचीही तीच गत झाली. तेव्हा त्यांनी हट्टाला पेटून तिसरा तसाच अग्निबाण उडवला नाही. ते एक पायरी खाली आले, आणि २०१७ मध्ये त्यांचा फॅदम-२ हा लहान अग्निबाण १ लाख ४४ हजार फूट, म्हणजे सुमारे ४४ किलोमीटर उंच गेला. विद्यार्थ्यांच्या अग्निबाणांत तो त्या वेळचा विक्रम होता.

सप्टेंबर २०१८ मध्ये नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटातून ट्रॅव्हलर-३ झेपावला. उड्डाण झकास झाले. पण आतली नोंद घेणारी यंत्रणा उड्डाणापूर्वी चालूच केली गेली नव्हती! अग्निबाण कदाचित अंतराळापर्यंत गेलाही असेल, पण पुरावा नाही म्हणजे यश नाही. मुलांनी ते मुकाट्याने मान्य केले आणि पुन्हा कापड, राळ आणि कात्री हाती घेतली.

२१ एप्रिल २०१९ रोजी सकाळी न्यू मेक्सिकोतील स्पेसपोर्ट अमेरिका या तळावरून ट्रॅव्हलर-४ निघाला. सुमारे १३ फूट लांब आणि ८ इंच व्यासाचा हा अग्निबाण. त्याच्या इंधनाची नळी कार्बन कॉम्पोझिटची होती. या वेळी यंत्रणा चालू होती. नोंदी तपासून उंची काढली गेली ती ३ लाख ३९ हजार ८०० फूट, म्हणजे १०३ किलोमीटरहून थोडी जास्त. मोजमापात साधारण ५ किलोमीटरचा फरक पडू शकतो, आणि कारमान रेषा ओलांडल्याची खात्री ९० टक्के आहे, असे संघाने स्वतःच जाहीर केले. शंभर टक्के म्हणून टाकण्याचा मोह त्यांनी टाळला. विद्यार्थ्यांनी बांधलेला अग्निबाण अंतराळात जाण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते.

पुढे २० ऑक्टोबर २०२४ रोजी याच संस्थेच्या नव्या तुकडीने आफ्टरशॉक-२ उडवला. हा १४ फूट लांबीचा, सुमारे १५० किलो वजनाचा अग्निबाण आवाजाच्या साडेपाचपट वेगाने गेला आणि ४ लाख ७० हजार फूट, म्हणजे सुमारे १४३ किलोमीटर उंची त्याने गाठली. हौशी गटांच्या अग्निबाणांचा २०१४ पासूनचा उंचीचा विक्रम त्याने मोडला. इतक्या वेगात हवेच्या घर्षणाने अंग भाजून निघते आणि राळ तर उष्णतेला लवकर शरण जाते. म्हणून मुलांनी उष्णतारोधक रंगाचा लेप तयार केला आणि पंखांच्या पुढच्या कडांना टायटॅनियम धातूची जोड दिली. अग्निबाण परत मिळाला तेव्हा त्या कडा उष्णतेने निळ्या पडल्या होत्या, पण पंख शाबूत होते.

२०१३ ची अपयशे पाहिलेली मुले २०२४ मध्ये तिथे नव्हती. ती केव्हाच पदवी घेऊन नोकरीला लागली होती. दर चार वर्षांनी माणसे बदलतात तरी विद्या टिकते, ती नोंदवह्यांमुळे आणि वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला हाताला धरून शिकवल्यामुळे.

आपल्याकडे

भारतालाही ही वाट अनोळखी नाही. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून आपल्या देशातला पहिला अंतराळ-संशोधन अग्निबाण उडाला, तो अमेरिकन बनावटीचा होता. चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, अवघ्या ७५ मिलिमीटर व्यासाचा आपला स्वदेशी रोहिणी तिथूनच झेपावला. सायकलवरून अग्निबाणाचा शंकू नेणाऱ्या थुंब्याच्या माणसांचे छायाचित्र आजही अनेकांना आठवत असेल.

याच विद्येचा एक धागा घरगुती सुखदुःखापर्यंत पोहोचला आहे. अग्नी क्षेपणास्त्रासाठी तयार झालेला हलका पदार्थ हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील एका अस्थिरोगतज्ज्ञांच्या पाहण्यात आला. त्यांनी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना रुग्णालयात नेऊन पायाला तीन किलोहून जड धातूचे कॅलिपर बांधून फरफटत चालणारी मुले दाखवली. कलामांच्या सहकाऱ्यांनी त्याच पदार्थाचे सुमारे ३०० ग्रॅमचे कॅलिपर बनवून दिले. ती मुले धावू लागली तेव्हा त्यांच्या आईवडिलांचे डोळे भरून आले, ही आठवण कलाम अनेकदा सांगत.

आज भारतातील महाविद्यालयांतही असे संघ उभे राहत आहेत. कर्नाटकातील मणिपालच्या विद्यार्थ्यांचा थ्रस्टएमआयटी हा संघ अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन अग्निबाण स्पर्धेत उतरला आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेची एक गंमत आहे. तिथे जो सर्वांत उंच जाईल तो जिंकतो असे नाही. १० हजार किंवा ३० हजार फूट अशी उंची ठरलेली असते आणि तिच्या जितके जवळ जाल तितके गुण. म्हणजे नळीत मुरलेली जादा राळही गुणपत्रिकेत दिसते!

अर्थात, हे खेळणे नव्हे. अग्निबाणाचे इंधन हा स्फोटक मामला आहे. जाणत्या मार्गदर्शकाशिवाय आणि कायदेशीर परवानगीशिवाय घरात किंवा गच्चीवर असले प्रयोग करणे जिवावर बेतू शकते. पण ज्याला ही विद्या शिकायची आहे, त्याने अंग घडवण्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. तिथे ज्वाळा नसतात. कापड, राळ, मोजमाप आणि धीर एवढेच लागते. अर्थात हातमोजे आणि मुखवटा तिथेही हवेतच.

इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरा घरी येते, कपड्यांना राळेचा वास, बोटांना कुसळे टोचलेली. परीक्षा जवळ आलेली. याने मार्क मिळणार आहेत का, असा प्रश्न आईवडिलांना पडणे साहजिक आहे. मार्क कदाचित मिळणारही नाहीत. पण जिथे कोणी पाहत नाही, त्या आतल्या थरातही काम चोख करायचे आणि चुकले तर रंग फासण्याआधी सांगून टाकायचे, हा धडा त्या नळीबरोबर हाताला लागतो. पुढे ती मुले अग्निबाण बांधोत, पूल बांधोत किंवा संसार, टिचकी मारली की आवाज खणखणीत येईल.